आतड्यातील जिवाणूंचा अटकाव

आतड्यात वस्तीला असलेले जिवाणू रक्तात, यकृतात किंवा प्लीहेत पोचू नयेत यासाठी प्रतिकारक पेशी उभी करतात ती यंत्रणा. आतडे निर्जंतुक करणे हे तिचे काम नव्हे. मोठ्या आतड्यातील एक ग्रॅम मळात सुमारे १०० अब्ज जिवाणू असतात. त्यांच्या आणि शरीराच्या आतल्या भागाच्या मध्ये पेशींचा एकच थर असतो, आणि तोही तीन ते पाच दिवसांत बदलतो.

या थरावर श्लेष्म्याचा (चिकट स्रावाचा) लेप असतो. मोठ्या आतड्यात तो दोन पदरी असून आतला पदर जवळजवळ जिवाणूमुक्त असतो. लहान आतड्यातला लेप सैल असतो. तिथे पॅनेथ पेशी व इतर आवरणपेशी जिवाणूनाशक प्रथिने सोडतात आणि जिवाणूंना अंतरावर ठेवतात. उंदरांमध्ये हे अंतर ५० मायक्रोमीटरच्या आसपास मोजले गेले आहे. ही प्रथिने पुरेशी बनावीत म्हणून थराखालच्या तिसऱ्या गटाच्या जन्मजात लिम्फॉइड पेशी (प्रतिकारक पेशींचा एक प्रकार) इंटरल्युकिन-२२ हा रासायनिक संदेश देतात. उंदरांमधून या पेशी काढून टाकल्यावर आतड्याच्या लसिका ऊतींत (प्रतिकारक पेशींच्या वस्तीत) गपगुमान राहणारे अल्कॅलिजिनिस जातीचे जिवाणू यकृत व प्लीहेपर्यंत पसरले. इंटरल्युकिन-२२ दिल्यावर हा प्रसार रोखला गेला.

प्रतिपिंडांचे (जिवाणूंना चिकटणाऱ्या संरक्षक प्रथिनांचे) काम वेगळ्या तऱ्हेचे आहे. लहान आतड्याच्या भिंतीतील पायरच्या पुंजांवर एम पेशी असतात. त्या पोकळीतले जिवाणू उचलून खालच्या डेंड्रायटिक पेशींकडे (इतर प्रतिकारक पेशींना नमुना दाखवणाऱ्या पेशींकडे) सोपवतात. या नमुन्यावरून बी पेशी तयार होतात, आतड्याच्या भिंतीत स्थिरावतात आणि आयजीए प्रतिपिंड बनवतात. प्रौढ माणसाच्या आतड्यात रोज ३ ते ५ ग्रॅम आयजीए उतरते. ते जिवाणूला सहसा मारत नाही. त्याच्यामुळे जिवाणूच्या विभाजनानंतर दोन्ही पिल्ले एकमेकांना चिकटलेलीच राहतात, त्यांचा गुठळा बनतो आणि मळाबरोबर बाहेर पडतो. नवजात बाळात हे प्रतिपिंड अजून बनत नसते. ते चीक आणि आईच्या दुधातून मिळते. म्हणूनच चीक पिळून टाकणे घातक.

इतके करूनही काही जिवाणू आत शिरतात. मॅक्रोफेज या भक्षक पेशी त्यांना गिळून काही तासांत मारतात, पण दाह पेटू देत नाहीत. मोजके जिवंत जिवाणू डेंड्रायटिक पेशींतून आंत्रबंधातील (आतडी धरून ठेवणाऱ्या पडद्यातील) लसिका ग्रंथींपर्यंत जातात, तिथून पुढे सहसा नाही. या ग्रंथी काढलेल्या उंदरांना तेच निरुपद्रवी जिवाणू वारंवार पाजल्यावर त्यांची प्लीहा सुजली.

विषमज्वराचा साल्मोनेला टायफी नेमका हाच बंदोबस्त उलटवतो. तो मॅक्रोफेजमध्ये मरत नाही, त्यांच्यातच बसून यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा गाठतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात रक्ताचे कल्चर (जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) उपयोगी पडते, मळाचे त्यानंतर. सुजलेले पायरचे पुंज कुजल्यास साधारण तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडू शकते. ताप उतरत असताना अचानक पोट कडक होऊन दुखू लागले तर शस्त्रक्रियेला उशीर करू नये.

एचआयव्हीत आतड्यातील टीएच-१७ पेशी (आवरणाचे रक्षण करणाऱ्या प्रतिकारक पेशी) लवकर घटतात, आणि जिवाणूंचे अंश रक्तात झिरपून सतत दाह चालू ठेवतात. केमोथेरपीत दुहेरी हानी होते : आवरण झिजते आणि न्यूट्रोफिलही (जिवाणू मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) कमी होतात. न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली असताना ताप आला, तर ई. कोलाय किंवा क्लेबसिएला हे आतड्यातले जिवाणू रक्तात शिरल्याची शक्यता धरून, कल्चरसाठी रक्त घेऊन, तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करतात. कल्चरच्या निकालाची वाट पाहत नाहीत.