एक्सटी६०चा पक्का जोड

रिमोटवरची वेगवान मोटार किंवा विमान पूर्ण थ्रॉटलवर असताना बॅटरीतून ४० ते ६० अँपिअर प्रवाह सहज वाहतो. बॅटरी मॉडेलला जोडणाऱ्या दोन पिनांच्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरला एक्सटी६० म्हणतात. हा सगळा प्रवाह त्याच्या मागे असलेल्या सोल्डरच्या (वितळवून वायर जोडण्याच्या मिश्रधातूच्या) दोन छोट्या थेंबांमधून जातो. जोडाचा रोध फक्त १ मिलिओहम असला, तरी ६० अँपिअरला तिथे ३.६ वॉट उष्णता तयार होते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रोध ५ मिलिओहम झाला की हा आकडा १८ वॉटवर जातो. एवढ्या वॉटवर एक लहान सोल्डरिंग आयर्न, म्हणजे सोल्डर वितळवण्याचे अवजार, चालते. म्हणजे कच्चा जोड स्वतःच आयर्नचे काम करू लागतो. आधी प्लॅस्टिक मऊ पडते, मग सोल्डर, आणि मॉडेल हवेत असतानाच वायर सुटते.

बहुतेक जोड बिघडतात ते आयर्न फार गरम असल्यामुळे नव्हे, ते लहान पडल्यामुळे. प्लॅस्टिक वितळेल या भीतीने लोक २५ वॉटचे टोकदार बिटाचे (पुढच्या तापत्या टोकाचे) आयर्न घेतात आणि नेमके प्लॅस्टिकच वितळवतात. १२ एडब्ल्यूजीच्या (एडब्ल्यूजी हे वायरीच्या जाडीचे माप) सिलिकॉन वायरमध्ये साधारण ०.०८ मिमी जाडीचे ६८० तंतू असतात, म्हणजे जवळजवळ ३.४ चौरस मिमी तांबे. तांबे उष्णता झपाट्याने वाहून नेते. टोकदार बिट टेकवला की त्यातली उष्णता वायरीत ओढली जाते, बिट थंड पडतो आणि सोल्डर वितळण्याची वाट पाहत अर्धा-अर्धा मिनिट आयर्न तसेच धरून ठेवावे लागते. तेवढ्या वेळात उष्णता पिनेतून नायलॉनच्या घरात मुरते आणि पिन वाकडी होते. ६० ते ८० वॉटचे आयर्न, ४-५ मिमी रुंद चपटा बिट आणि ३८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान ठेवले, तर तोच जोड चार-पाच सेकंदांत होतो. आकड्यातले तापमान सारखे असले तरी जाड बिटात उष्णतेचा साठा जास्त असतो, आणि खरे काम तो साठाच करतो.

सोल्डर ६३/३७ घ्यावे: ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे, १ मिमी जाडीचे, आत रोझिन फ्लक्स (धातूचा पृष्ठभाग साफ करणारा राळेचा पदार्थ) असलेले. हे मिश्रण १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते. ६०/४० मात्र काही अंशांच्या टप्प्यात लापशीसारखे राहते. तेवढ्यात हात हलला की आत चिरा पडतात. शिसेविरहित सोल्डरला २१७ अंशांच्या वर जावे लागते, म्हणून नवख्याने त्यापासून सुरुवात करू नये. शिसे असल्यामुळे काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. धूर मुख्यतः फ्लक्सचा असतो, पण तोही फुप्फुसांना त्रासदायक. खिडकी उघडी असावी. नळजोडणीचा आम्लयुक्त फ्लक्स इथे कधीही वापरू नये, तो तंतूंच्या आत राहून तांबे खात राहतो.

बॅटरीच्या वायरींना हात घालण्यापूर्वी एक नियम पाळायचाच: एका वेळी एकच वायर. जुना कनेक्टर काढताना दोन्ही वायरी एकदम कापल्या, तर कटरच्या पात्यातून शॉर्ट होतो. तीन सेलच्या पूर्ण चार्ज केलेल्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा व्होल्टेज १२.६ असतो, अंतर्गत रोध १० मिलिओहम धरला, तर हिशेबाने हजार अँपिअरच्या वर प्रवाह निघतो. पाते तिथल्या तिथे वितळते. एक वायर कापा, सोला, जोडा, झाका, आणि मगच दुसरीकडे वळा. बॅटरीला नेहमी ज्याचे धातूचे भाग प्लॅस्टिकच्या आत दडलेले असतात तोच अर्धा भाग लावायचा, उघड्या पिनांचा नव्हे.

कनेक्टरच्या दुसऱ्या टोकाला त्याचा एखादा जुना, कुठेही न जोडलेला जोडीदार खोचून ठेवावा. प्लॅस्टिक थोडे मऊ पडले तरी तो पिना सरळ धरून ठेवतो आणि थोडी उष्णताही ओढून घेतो. वायरीवर हीट श्रिंकचा (तापवल्यावर आकसणाऱ्या प्लॅस्टिक नळीचा) तुकडा आधीच चढवून लांब सरकवून ठेवायचा. हे विसरले की सगळा जोड पुन्हा उकलावा लागतो. इन्सुलेशन कपाच्या (पिनेच्या मागच्या, वायर बसवायच्या खोलगट भागाच्या) खोलीइतकेच, ५-६ मिमी सोलायचे आणि तंतू हलकेच पिळायचे.

आता वायरीला सोल्डरची कल्हई. बिट खालून टेकवायचा आणि सोल्डर वरून, तांब्याला लावायचे, बिटाला नाही. तांबे पुरेसे तापले की सोल्डर तंतूंच्या फटींत आपोआप शोषले जाते, कारण वितळलेले सोल्डर उष्णतेच्या दिशेने धावते. इन्सुलेशनच्या १ मिमी अलीकडे थांबायचे. सोल्डर आवरणाखाली शिरले तर तिथली वायर ताठ सळईसारखी होते, आणि मॉडेलच्या थरथराटाने नेमक्या त्या ताठ भागाच्या कडेला तंतू एकेक करून तुटत जातात. बाहेरून काहीच दिसत नाही.

कपातही असेच सोल्डर भरायचे, निम्म्याहून थोडे जास्त. मग बिट कपाच्या बाहेरच्या बाजूला टेकवायचा, आतले सोल्डर चकाकून पाण्यासारखे हलले की वायर आत बुडवायची. वायरीवरचे आणि कपातले सोल्डर एकजीव होताना वायर किंचित खाली बसल्याचे हाताला कळते. तिथे एक सेकंद थांबून आयर्न काढायचे आणि दहा सेकंद वायर अजिबात हलवायची नाही. फुंकरही मारू नये.

सोल्डर म्हणजे गोंद नव्हे. कथील आणि तांबे यांच्या सीमेवर दोघांचे एक पातळ संयुग तयार होते, तोच खरा जोड. पिनेवरचा सोन्याचा मुलामा तर वितळलेल्या सोल्डरमध्ये चटकन विरघळून जातो. सोल्डर पकडते ते त्याच्या खालच्या धातूला. धातू पुरेसा तापला नाही, तर संयुग तयारच होत नाही आणि सोल्डर त्यावर नुसते बसून राहते. ओळखायचे कसे? चकाकी पाहू नका, कडा पाहा. चांगल्या जोडात सोल्डरची कड धातूवर पातळ होत पसरलेली असते. कच्च्या जोडात ती गोलसर, आत वळलेली असते, अळवाच्या पानावरच्या थेंबासारखी. अशा वेळी थोडा फ्लक्स लावून पुन्हा तापवायचे, वर आणखी सोल्डर ओतायचे नाही. सोल्डर ओघळून पुढच्या संपर्काच्या भागात गेले असेल, तर तो कनेक्टर टाकून द्यावा.

लाल वायर प्लॅस्टिकवर कोरलेल्या अधिक चिन्हाकडे आहे ना, हे प्रत्येक कापणीआधी आणि जोडणीआधी पाहायचे. ध्रुव उलटले की मोटारीचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर तत्क्षणी जळतो. जोड थंड झाल्यावर वायर जोरात ओढून बघायची.

मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नये, कारण मिलिओहम मोजण्याची त्याची कुवत नसते. त्याऐवजी बॅटरी ५ अँपिअरने चार्ज होत असताना मिलिव्होल्टच्या रेंजवर एक सुई वायरीच्या कल्हईवर आणि दुसरी त्याच पिनेच्या कपावर टेकवावी. दोन्ही सुया एकाच ध्रुवावर हव्यात, आणि हे हीट श्रिंक आकसवण्याआधी, ते त्या जोडावरून मागे सरकवून करायचे. दुसरा ध्रुव तेव्हा झाकलेला असावा. पक्क्या जोडावर १ मिलिव्होल्टही दिसत नाही. ५ दिसले, तर रोध १ मिलिओहम आहे आणि जोड पुन्हा करायला हवा. मापन जमले की चार्जिंग बंद करून हीट श्रिंक सरकवायचे आणि आकसवायचे. पहिल्या चार-पाच फेऱ्यांनंतर बॅटरी काढताना कनेक्टरच्या मागच्या दोन्ही वायरींना बोट लावून पाहा. दोन्ही सारख्याच कोमट असल्या पाहिजेत. एक जास्त तापलेली लागली, तर तीच बाजू उकलायची.