सीटी रिपोर्टमधली ती नाकातली नावं आली कुठून

पुण्यात थंडी पडली की अर्ध्या गावाला 'सायनस' होतो, मग डॉक्टर सीटी काढायला सांगतात आणि रिपोर्टात कॉन्का बुलोसा, हॅलर सेल असलं काहीबाही छापून येतं, की घरात टेन्शन. यातलं बरंचसं आजार नसतंच, नाकाच्या बाजूच्या भिंतीची ठेवण असते, धडधाकट माणसातही सापडते.

बाहेरचं नाक नव्याने बसवणं आपल्याकडे आधीच जमलं होतं. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या, कावसजी नावाच्या मराठा बैलगाडीवानाला पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या जातीतल्या एकाने कपाळाच्या कातडीचं नवं नाक लावलं, १७९४ ला लंडनच्या मासिकात ते चित्रासकट आलं. आत मात्र अंधार. युरोपात तर शेंबूड मेंदूतून गळतो असंच मानायचे, ते १६६० मध्ये श्नायडर नावाच्या जर्मन डॉक्टरने खोडलं (बिचाऱ्या मेंदूची बदनामी टळली).

नाकाच्या त्या आतल्या भिंतीचं बारीक वर्णन व्हिएन्नाच्या झुकरकांडल या शरीररचना-तज्ज्ञाने १८८२ मध्ये छापलं. गर्भात आठव्या आठवड्याच्या सुमारास तिथे वळकट्या उठतात, काही एकमेकींत मिसळतात, काही विरतात, उरतात त्यांची टर्बिनेट (नाकातली अस्तराने झाकलेली वळलेली हाडं) होतात, पुढे त्या हाडांत हवेचे कप्पे शिरतात आणि ते प्रत्येकात वेगळे.

पण सर्जन लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. १८९३ ला कॉल्डवेल, १८९७ ला ल्यूक, दोघांची पद्धत एकच, ओठ वर करून गालाच्या हाडाला भोक पाडायचं आणि आतल्या पोकळीचं, म्हणजे सायनसचं, अस्तर खरवडायचं. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या मेसरक्लिंगर या डॉक्टरने दाखवलं की दुसरीकडे भोक पाडलं तरी सायनसमधला स्राव नाकात उघडणाऱ्या मूळ वाटेकडेच सरकतो, आणि ती चिंचोळी वाट मधल्या टर्बिनेटखाली. लक्ष्मी रोडवर एक टेम्पो आडवा लागला की मागचं सगळं तुंबतं ना, तसंच. १९७८ ला त्याचं पुस्तक आलं, नाकात घालायची हॉपकिन्सची बारीक दुर्बीण होतीच, ८० च्या दशकात सीटीची जोड मिळाली.

तेव्हापासून या नावांना किंमत आली. कॉन्का बुलोसा म्हणजे हवेने फुगलेलं मधलं टर्बिनेट, हॅलर सेल हा हवेचा कप्पा डोळ्याच्या खोबणीखाली, दोन्ही मोठे असले तर वाट अडवू शकतात. ओनोडी सेल हा असाच कप्पा तर मागे डोळ्याच्या नसेलगत, दुर्बीण घालण्याआधी ते माहीत असावंच लागतं. म्हणजे रिपोर्ट सर्जनसाठी असतो, घाबरतो आपण.

खरा जन्मजात दोष म्हणावा तर अश्रूंची नळी. ती खालच्या टर्बिनेटखाली उघडते, काही बाळांत नळीच्या तोंडाशी पातळ पडदा राहतो आणि डोळा सारखा चिकटतो, बहुतेकांचा वर्षभरात आपोआप मोकळा होतो, नाहीतर डॉक्टर सळई घालून उघडतात.