करंटच्या मशीनने आमवात जात नाही

जळगाव-धुळ्याकडे वर्षानुवर्षं एक समज पक्का आहे: गुडघ्याला, मनगटाला करंटचं मशीन लावलं की नस मोकळी होते आणि आमवात मुळासकट जातो. हे खरं नाही. आमवातात नस दबलेली नसते. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. त्वचेवरच्या पट्ट्यांचा करंट वेदना थोडा वेळ बोथट करतो, सूज मात्र आतून सांधा कुरतडत राहते.

अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये आमवातासाठी नसेला सौम्य करंट देणाऱ्या एका उपचाराला मान्यता मिळाली, पण तो या मशीनपेक्षा अगदी वेगळा आहे. मेंदूतून मानेवाटे पोटापर्यंत जाणारी व्हेगस नस प्लीहेमार्फत दाह वाढवणारी रसायनं आवरते. म्हणून शस्त्रक्रिया करून मानेत त्या नसेवर छोटं उपकरण बसवतात. ते रोज एक मिनिट चालतं. हा उपचारही रामबाण नाही. २४२ रुग्णांच्या चाचणीत बारा आठवड्यांनी उपकरण चालू असलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना, तर बसवूनही बंद ठेवलेल्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांना ठरवलेल्या मोजमापाइतका आराम पडला. शिवाय तो महागड्या जैविक औषधांनी गुण न आलेल्यांसाठी, किंवा ती न सोसणाऱ्यांसाठी आहे.

मशीनच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेलं मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध बंद करू नका, हे अगदी कळकळीने सांगते. सकाळी तासभर बोटं आखडत असतील तर लवकर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. औषध वेळेत सुरू झालं तर बोटं वाकडी होणं बरंच टाळता येतं.