मिल्कशेकला स्मूदी म्हणू नका

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आंब्याचा मोसम सुरू झाला की कुणी ना कुणी 'हेल्दी मँगो स्मूदी'चा फोटो टाकतंच. खाली कृती असते: दोन कप गार दूध, एका आंब्याच्या फोडी, तीन-चार चमचे साखर, व्हॅनिला आइस्क्रीमचा एक गोळा आणि वरून चिमूटभर चियाच्या बिया. त्या चियाच्या जिवावर हे हेल्दी. चिया काढा, खाली चोख मँगो मिल्कशेक उरतो. आइस्क्रीमचा गोळा आत न घुसळता वर ठेवला असता तर तिला पुण्यात शेंबडं पोरही मस्तानी म्हणालं असतं. मस्तानीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. एप्रिलच्या उन्हात सदाशिव पेठेत जाऊन खुशाल खावी. फक्त ती पोराच्या हातात नाश्ता म्हणून देऊ नये आणि वर तिला स्मूदीही म्हणू नये.

मिल्कशेक कसा करतात हे सांगत बसत नाही. ज्या घरात शिकरण होतं तिथे दूध, फळ आणि साखर यांचं नातं कुणाला समजावून द्यावं लागत नाही.

दूध घातलं की मिल्कशेक आणि दही घातलं की स्मूदी, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. तसं काही नाही. स्मूदीत दूध चालतं, दही चालतं, शहाळ्याचं पाणी चालतं, नुसतं पाणीही चालतं. साखरेऐवजी मध घातला म्हणून मिल्कशेकची स्मूदी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मधातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवली आहे, आणि गूळ काही वेगळ्या पंगतीला बसत नाही. उंच ग्लास, कागदी स्ट्रॉ, पुदिन्याचं पान यांबद्दल तर बोलायलाच नको.

मुद्दा एकच आहे: पेयाला दाटपणा कशाने आला? मिल्कशेकमध्ये तो आइस्क्रीमने आणि फेसाने येतो. स्मूदीत तो फळाच्या गराने यायला हवा. एवढं डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

दोन कप दुधात एक आंबा किंवा एक केळं फिरवलं तर ते पातळच होणार. पातळ झालं की हात आइस्क्रीमच्या डब्याकडे जातो, नाहीतर बर्फाकडे. बर्फ वितळला की चव पाणचट, मग साखर. त्यात गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, म्हणून आणखी एक चमचा. चहाचे चार चमचे साखर म्हणजे १६ ते २० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर जास्त चांगलं. म्हणजे सकाळी नऊच्या आत दिवसाचा बहुतेक कोटा संपला, आणि आइस्क्रीममधली साखर अजून मोजलेलीच नाही.

आता हेच उलटं करा. फळ दूधभर पसरवण्याऐवजी दूध फळापुरतं घ्या. आणि फळ गोठवून घ्या. गोठवलेल्या फळात पाण्याचे बारीक स्फटिक गराच्या आतच अडकलेले असतात. मिक्सरमध्ये फिरवलं की ते तंतूंसकट आणि गराला चिकटपणा देणाऱ्या पेक्टिनसकट बारीक होतात, त्यामुळे पेय गारही होतं आणि दाटही. बर्फाचा खडा फक्त गार करतो आणि नंतर पाणी सोडतो. स्मूदीत बर्फ घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना फ्रीझर दाखवते.

केळं यासाठी सगळ्यात भरवशाचं. जळगावचं केळं घ्या, पण पिवळंधमक नको. सालीवर काळे ठिपके आलेलं, घरात कुणी हात लावत नाही असं घ्या. पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून ठिपकेवाल्या केळ्याला वरून काही घालावं लागत नाही. साल काढा (सालीसकट गोठवलेलं केळं सोलताना बोटं बधिर होतात आणि काळं साल चिकटून बसतं ते वेगळंच), बोटाच्या पेराएवढ्या चकत्या करा, ताटलीत सुट्या पसरून गोठवा आणि मग डब्यात भरा. सरळ डब्यात कोंबल्या तर त्यांचा दगड होतो आणि तो दगड फोडताना मिक्सरच्या मोटरचा वास येतो.

एका ग्लासाला एका केळ्याच्या चकत्या, मूठभर दुसरं फळ, अर्धी वाटी दही आणि भांडं फिरेल इतपत दूध पुरे. दही आंबट नको. बाहेरचं महागडं ग्रीक योगर्ट तर अजिबात नको. डेअरीत श्रीखंडासाठी चक्का मिळतो, त्याचे दोन चमचे तेच काम करतात. चक्का बिनसाखरेचा आहे ना, एवढं विचारून घ्या. भांड्यात आधी दूध आणि दही, गोठवलेलं फळ शेवटी. आपला मिक्सर चटणी वाटायला बनलेला आहे, तेव्हा थांबत थांबत फिरवा. सलग दोन मिनिटं फिरवलं की घर्षणाने गरम होतं, गोठलेपण जातं आणि हाती पुन्हा शेक येतो.

जमलं की नाही हे ग्लासात कळतं. ओतल्यावर पाच मिनिटं हात लावू नका. शेक असेल तर वर दोन बोटं फेस आणि खाली रंगीत दूध दिसेल. स्मूदी असेल तर चमचा फिरवल्यावर त्याचा माग क्षणभर तसाच राहील.

गाळण्याचा एक वेगळाच छंद असतो. मिक्सरसोबत जाळीवालं ज्यूसरचं भांडं येतं, पैसे दिलेत म्हणून ते वापरलं जातं. जाळीत चोथा अडकतो, तो ओट्यावरच्या कचऱ्यात जातो आणि खाली रस येतो. दाटपणा ज्याच्यामुळे यायचा तोच फेकून दिला, तर मग आइस्क्रीम लागणारच. गाळायची सवलत मी फक्त पेरूला देते, कारण त्याच्या बिया फिरवल्या की तोंडात रेती येते. सीताफळाच्या बिया मात्र हाताने एकेक काढाच. त्या वाटून पोटात जाऊ द्यायच्या नसतात.

फळांबद्दल थोडक्यात. मंडईत हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते तेव्हा धुऊन, देठ काढून गोठवून ठेवा. आंबट स्ट्रॉबेरीने दूध फाटतं, दह्यात फाटायचा प्रश्नच नाही. पुरंदरचे अंजीर उत्तम, गोठवायचीही गरज नाही, केळं असलं की झालं. पपई, अननस आणि किवी या तिघांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, त्यामुळे दूध-दह्यात घालून ठेवलं तर तासाभरात कडवट होतं. करा आणि लगेच प्या, नाहीतर पाण्यात करा. डब्यातल्या अननसाला हा त्रास नाही, कारण तो तापवलेला असतो, पण तो बहुधा पाकात बुडवलेला असतो आणि पुन्हा आपण साखरेपाशी येतो.

एवढं करूनही मोठा तांब्याभर पिऊ नका. ब्रिटनची आरोग्यसेवा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलीलीटरपर्यंतच सांगते, कारण फळ वाटलं की त्यातली साखर मोकळी होते आणि दातांना लागते. चार फळं चावून खाताना पोट मध्येच नको म्हणतं, पिताना म्हणत नाही. केळं आणि चक्क्याची स्मूदी नाश्त्याऐवजी घेत असाल तर ग्लास थोडा मोठा चालेल, पण सोबत पोह्यांची प्लेट आणि वर चहा नको.

उरली तर फ्रीजमध्ये झाकून ठेवू नका. केळं काळवंडतं, पाणी वेगळं होतं आणि संध्याकाळी कुणी तिच्याकडे बघत नाही. कुल्फीच्या साच्यात ओता, काडी खोचा, फ्रीझरमध्ये ढकला. मुलं दुपारी शोधून काढतात.