पार्श्वभूमी: शपथेत देव आला, उद्देशिकेत नाही

शपथविधीत कोण 'ईश्वरसाक्ष' म्हणतो आणि कोण 'गांभीर्यपूर्वक', याकडे पत्रकारांचे कान असतात. हे दोन्ही पर्याय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतलेच. शपथेत देव हवा की नको, हा वाद मात्र घटनेहून जुना आहे.

कंपनी सरकारच्या कोर्टात हिंदू साक्षीदार गंगाजलावर आणि मुसलमान कुराणावर शपथ घेत. 1840 च्या कायद्याने ती पद्धत बंद केली. पुढे इंग्लंडमध्ये नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ 1880 मध्ये निवडून आले, पण शपथेवरून त्यांना अनेक वर्षं पार्लमेंटमध्ये धड बसू दिलं गेलं नाही. अखेर त्यांच्याच खटपटीने 1888 मध्ये देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करण्याची मुभा सर्वांना मिळाली. पुढच्याच वर्षी हे गृहस्थ मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते.

आपल्याकडे खरी जुंपली ती 17 ऑक्टोबर 1949 रोजी, संविधान सभेत. मध्य प्रांत-वऱ्हाडचे ह. वि. कामत यांची सूचना होती की उद्देशिकेची, म्हणजे घटनेच्या प्रास्ताविकाची, सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' व्हावी. लगेच प्रश्न आला, कुठल्या ईश्वराच्या? कामाख्या देवीच्या मुलखातून, आसामातून आलेले रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, मग देवीच्या नावाने का नको? गोविंद मालवीयांनी 'परमेश्वर' सुचवला आणि जगातले लोक त्याला वेगवेगळ्या नावांनी हाक मारतात, हेही कंसात घालायला ते तयार होते. थाणू पिल्ले यांचा आक्षेप वेगळा होता: ही श्रद्धेची सक्ती झाली. पूर्णिमा बॅनर्जींनी तर देवाला मताला टाकू नका, अशी विनवणीच केली. कामतांनी मतविभागणी मागितलीच. बाजूने 41, विरोधात 68. देव हरला, आणि कामतांनी तो काळा दिवस ठरवला.

शपथेत मात्र देवाचा शिरकाव झाला. राष्ट्रपतींच्या शपथेवर चर्चा झाली तेव्हा, डिसेंबर 1948 मध्ये, कामत आणि महावीर त्यागी यांनी तसा आग्रह धरला होता. इथे अडचणही कमी होती, असं मला वाटतं. उद्देशिका 'आम्ही' म्हणते, तिथे न मानणाऱ्याला बाजूला उभं राहायची सोय नाही. शपथ 'मी' घेतो, तेव्हा 'ईश्वरसाक्ष' आणि 'गांभीर्यपूर्वक' यांच्यामध्ये एक रेघ ओढून काम भागलं.

ईश्वर म्हणजे नेमकं कोण, हे घटनेने सांगितलेलं नाही. केरळात काही आमदार अल्लाहच्या नावाने शपथ घेतात. 2001 मध्ये तिथल्याच उमेश चल्लियिल यांनी श्रीनारायण गुरूंच्या नावाने शपथ घेतली, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. गुरू कितीही पूज्य असले तरी ही शपथ घटनेच्या नमुन्यात बसत नाही, असा निकाल लागला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.