सावरडोची बरणी घरात परत कशी आली

पीठ आणि पाणी कालवून बरणीत उबेला ठेवायचे, रोज त्यातले थोडे काढून ताजे पीठ-पाणी घालत राहायचे आणि त्याच मिश्रणावर पाव फुगवायचा, ही सावरडोची, म्हणजे आंबट कणकेच्या पावाची, रीत आज हौस म्हणून शिकली जाते. मात्र दीडशे वर्षांपूर्वी पाव फुगवण्याचे जे मोजके मार्ग होते, त्यांत हा सर्वांत जुना आणि बराच प्रचलित होता.

पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने त्याची तपशीलवार नोंद केली आहे. द्राक्षांच्या ताज्या रसात बाजरीवर्गीय धान्याचे पीठ मळून ठेवले, तर ते खमीर वर्षभर टिकते, असे तो सांगतो. गव्हाचा बारीक कोंडा तशाच रसात भिजवून उन्हात वाळवण्याची कृतीही देतो. पण बहुतेक लोक एवढ्या खटाटोपात न पडता आदल्या दिवशीच्या कणकेचा गोळाच विरजणासारखा राखून ठेवतात, हेही तो नोंदवतो. गॉल (आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश) आणि स्पेनमधील लोक मात्र बिअरचा फेस वापरत आणि त्यांचा पाव अधिक हलका होई.

आंबट कणीक आणि बिअरचे यीस्ट यांच्यातील हा भेद पुढे शतकानुशतके टिकला. पॅरिसमध्ये तर 1668 मध्ये यीस्टचा पाव आरोग्याला अपायकारक आहे का, यावर वैद्यकीय विद्याशाखेत वाद झाला आणि बहुमत यीस्टच्या विरोधात गेले. तरीही 1670 मध्ये तिथल्या न्यायसंस्थेने, म्हणजे पार्लमाँने, ताजे यीस्ट वापरण्यास मुभा दिली.

खरी फारकत झाली ती एकोणिसाव्या शतकात. लुई पाश्चर यांनी 1857 मध्ये लॅक्टिक आंबवणीवरील निबंध मांडला आणि आंबणे हे सजीवांचे काम असल्याचे दाखवण्यास सुरुवात केली. 1868 मध्ये चार्ल्स फ्लाइशमन यांनी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे वड्यांच्या स्वरूपातील दाबलेल्या यीस्टचे उत्पादन सुरू केले. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर ते सर्वदूर पोहोचले आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी कोरडे यीस्टही आले. कणीक फुगायला रात्रभर लागत होती, तिथे काही तास पुरू लागले. बेकरीवाल्यांनी हा बदल स्वीकारला यात नवल नाही, पण पावाची चव, टिकाऊपणा आणि घरोघरी चालत आलेले हे कसब यांची त्यात मोठी हानी झाली, असे मला ठामपणे वाटते.

काही शहरांत जुनी रीत तगून राहिली, त्यांपैकी सॅन फ्रान्सिस्को हे सर्वांत प्रसिद्ध. तिथल्या आंबट पावाचे कोडे 1971 मध्ये उलगडले. अमेरिकी कृषी खात्याच्या ऑल्बनी येथील प्रयोगशाळेत क्लाइन आणि सुगिहारा या संशोधकांना त्या कणकेत दोन जीव एकत्र नांदताना आढळले: आम्लाला दाद न देणारे एक यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारा एक जिवाणू. पिठातील स्टार्चपासून तयार होणारी माल्टोज ही शर्करा त्या यीस्टला वापरता येत नाही आणि जिवाणूला नेमकी तीच हवी असते. त्यामुळे अन्नासाठी झगडा होत नाही, आणि आम्लामुळे इतर जंतूंना थारा मिळत नाही. त्या जिवाणूला सॅन फ्रान्सिस्कोचे नाव मिळाले खरे, पण पुढे तो युरोपातील जुन्या खमिरांतही सापडला.

फ्रान्समध्ये पॅरिसच्या प्वालान बेकरीने, 1932 पासून, जाडसर पिठाचा आंबट पाव टिकवून धरला. 1993 च्या फ्रेंच आदेशाने तर खमिराच्या पावाला कायद्याची व्याख्या दिली: त्याचा सामू (पीएच) 4.3 पेक्षा अधिक नसावा आणि शेवटच्या मळणीत वरून यीस्ट घातलेच, तर ते पिठाच्या वजनाच्या 0.2 टक्क्यांपर्यंतच असावे. सामान्य घरांत बरणी परतली ती मुख्यतः 2020 च्या टाळेबंदीत, जेव्हा अमेरिका आणि ब्रिटनमध्ये दुकानांतून यीस्ट दिसेनासे झाले आणि लोकांच्या हाती वेळ उरला.

आपल्याकडे गोव्यातील पोदेरांची, म्हणजे पाव भाजणाऱ्यांची, परंपरा याच्या जवळची आहे. तिथे पाव पीठ-पाण्याच्या खमिरावर नव्हे, तर माडाच्या ताज्या सुरेवर, म्हणजे माडीवर, फुगवला जाई. सूर मिळणे कमी होत गेले तसे तिथेही तयार यीस्ट आले.

आज घरी स्टार्टर, म्हणजे पीठ-पाण्याचे हे खमीर, लावणाऱ्याने या जुन्या कृतीतील एक टप्पा समजून घेणे आवश्यक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिश्रण जोरात फुगते, पण तो वायू बहुधा सुरुवातीच्या निराळ्याच जिवाणूंचा असतो. आम्लता वाढताच ते मागे पडतात आणि बरणी काही दिवस निपचित वाटते. अनेक जण नेमके याच वेळी ते फेकून देतात. त्याऐवजी स्टार्टर, पीठ आणि पाणी समान वजनाने घेत राहिल्यास आम्लात तग धरणारे यीस्ट हळूहळू जोर धरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आंबण्याचा वेग इतका असतो की दिवसातून दोनदा पीठ घालावे लागते. पाव रोज करायचा नसेल, तर बरणी फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याला एकदा पीठ-पाणी घातले तरी चालते. त्यासाठी परदेशातून जुने खमीर मागवण्याची गरज नाही: 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वेगवेगळ्या खंडांतील 500 स्टार्टरच्या अभ्यासात त्यांतील जीवांचा आणि ठिकाणाचा ठळक संबंध आढळला नाही.