गुळाकडे जाणारी न तुंबणारी वाट

कोल्हापुरात गुळाला तोटा नाही, मुंग्यांनाही नाही. गुऱ्हाळाच्या भिंतीवर काकवीचा एक ओघळ राहू द्या, थोड्या वेळात तिथे रांग लागलेली असते. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या मुंग्या त्याच वाटेवर. ना दुभाजक, ना शिट्टी. वाकून पाहिलं तर दिसतं, समोरासमोर आलेल्या दोघी थबकतात, मिशांना मिशा लावतात, जराशा सरकतात आणि मार्गाला लागतात.

गोम आहे ती या थबकण्यात. गर्दी वाढली की गाठीभेटी वाढणार, प्रत्येक भेटीत वेळ जाणार, म्हणजे वाट तुंबायला हवी. नवरात्रात महाद्वार रोडवर आपलं तेच होतं. माणसं असोत की गाड्या, रस्ता ४० टक्क्यांच्या वर भरला की प्रवाह मंदावू लागतो.

मुंग्यांचं काय होतं? फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधक ऑड्रे द्युसुतूर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अर्जेंटाइन मुंग्यांच्या वसाहती आणि खाणं यांच्यामध्ये ५, १० आणि २० मिलिमीटर रुंदीचे पूल टाकले. वसाहती ४०० पासून २५,६०० मुंग्यांपर्यंतच्या. पूल ८० टक्के व्यापला तरी प्रवाह घटला नाही! गर्दी मध्यम असताना मुंग्या वेग वाढवत होत्या. ती फारच दाटली की टक्कर टाळून चालत, आणि नव्याने येणाऱ्या पुलावर चढायच्याच नाहीत, जागा होईपर्यंत थांबायच्या. हे शेवटचं आपल्याला कधी जमेल असं मला वाटत नाही.

द्युसुतूर यांचाच २००४ चा प्रयोग मला जास्त आवडतो. काळ्या बागमुंग्यांपुढे दोन फाटे असलेला पूल ठेवला. मुंग्या चालताना मागे सोडतात त्या गंधाच्या खुणेमुळे एरवी सगळ्या एकाच फाट्यावर गोळा होतात. पण फाटे अरुंद केल्यावर समोरून येणारीचा धक्का लागलेली मुंगी दुसऱ्या फाट्याकडे वळे. तिथेही गंध साचे, आणि कोंडी व्हायच्या आतच वाहतूक दोन्हीकडे वाटली जाई. पुढारी कुणीच नाही, फक्त धक्के.

मुंगीला स्वतःपुरतं लवकर पोचून काही मिळवायचं नसतं. आलेलं सगळं वारुळाचं. आयआयटी कानपूरचे देबाशीष चौधरी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये भारतातल्या लेप्टोजेनिस मुंग्यांच्या वाटांबद्दल लिहिलं, तेव्हा गर्दी कमी असो वा जास्त, वेग जवळजवळ तोच निघाला. मुंग्या टोळक्याने, सारख्या चालीत जात होत्या. ओव्हरटेक करताना एकही आढळली नाही.